भाग ४१ : तुरुंगात बसलेले अध्यक्ष – स्वामी रामानंद तीर्थ

ज्यांना इयरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही देतोय.

मी लासूर स्टेशनचा. आमच्याकडून रेल्वेने मनमाडकडे निघालात की करंजगाव, परसोडा, रोटेगाव लागतं आणि मग थोड्या वेळाने नगरसोल. आज या प्रवासात कुणी खिडकीबाहेरही बघत नाही, सगळे मोबाईलमध्ये. पण १९४८ पर्यंत रोटेगाव आणि नगरसोल यांच्या मध्ये सरहद्द होती. रोटेगाव निजामाचं, नगरसोल इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातलं. अलीकडे पैसा वेगळा (हाली सिक्का), टपाल तिकीट वेगळं, जकात घ्यायला करोडगिरीची नाकी वेगळी. राज्यकारभाराची भाषा उर्दू. आणि मुख्य म्हणजे, १५ ऑगस्ट १९४७ ला नगरसोल स्वतंत्र झालं, लासूर झालं नाही.

या मुलखाचं राजकारण ज्या माणसाभोवती फिरलं, त्याच्याबद्दल आपल्याला शाळेत दरवर्षी १७ सप्टेंबरला पाच मिनिटांचं भाषण ऐकायला मिळतं. त्यात 'थोर संन्यासी' एवढंच कळतं. मला वाटतं, त्यांची खरी गंमत संन्यासात नाही, संघटनेत आहे.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. सोलापुरात शिकत असताना असहकार चळवळ आली, पोराने सरकारी शिक्षण सोडलं आणि पुढे टिळक विद्यापीठातून शिक्षण पुरं केलं. मग कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे भगवी कफनी घातलेला हा माणूस सभासद नोंदणी, ठराव, संप अशी भाषा सहज बोलतो, ती इथून आलेली आहे. नंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून निजामाच्या हद्दीत आले. १९३२ मध्ये संन्यास घेतला. पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा. निजामाच्या राज्यात सभा घ्यायलाही परवानगी लागायची, तिथे शाळा हीच चळवळीची जागा झाली. मास्तर आणि पोरं, एवढीच सुरुवातीची फौज.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं आणि ती जन्मण्याआधीच निजामाने तिच्यावर बंदी घातली! बंदी मोडून सत्याग्रह झाला, स्वामीजी आत गेले. त्याच वर्षी आपल्या औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांनी 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून आंदोलन पेटवलं, ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं. तिथून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांत एक होते पी. व्ही. नरसिंह राव. हो, तेच, नंतरचे पंतप्रधान. ते स्वामीजींना गुरू मानत.

एक तुलना मला सारखी आठवते. याच १९३८ च्या मार्चमध्ये तिकडे मेक्सिकोत लासारो कार्देनास नावाच्या अध्यक्षांनी परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. त्यांनी लाखो एकर जमीन शेतकऱ्यांना वाटली. ते 'अध्यक्ष' होते, हातात अख्खं सरकार होतं. आमचे स्वामीजीही पुढे अध्यक्ष झाले, पण कशाचे? बंदी १९४६ मध्ये उठलेल्या एका संघटनेचे. ना पोलीस, ना खजिना. आणि निवडूनसुद्धा सहज आले नाहीत. बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या मवाळ गटाशी लढत देऊन आले. संस्थानात सोळा जिल्हे : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. एवढ्यांची मोट बांधायची होती.

जून १९४७ मध्ये स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याची मागणी केली. १५ ऑगस्टला स्वामीजींनी हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकवला आणि लगेच अटक झाली. नोव्हेंबरात जैसे थे करार झाल्यावर सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत. बाहेर कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ, सरहद्दीवर चळवळीच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने हात टेकले. लढ्याचे अध्यक्ष तेव्हा तुरुंगात होते.

आता जी गोष्ट १७ सप्टेंबरच्या भाषणात येत नाही, ती सांगतो. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे खरं. पण पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यासह अनेक भागांत सामान्य मुसलमानांची कत्तल झाली, हेही खरं. नेहरू सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगायचा तर हा कागदही वाचावा लागतो, असं माझं मत आहे. मुक्ती मागणारे आणि सूड घेणारे एकच, असं मी म्हणत नाही. पण तारीख मात्र एकच आहे.

सत्ता आली तेव्हा १९५२ ला मुख्यमंत्री झाले ते बुर्गुल रामकृष्ण राव. स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले, आणि १९५७ ला आपल्या औरंगाबादहून. म्हणजे लासूरचे ते खासदार होते! मी हे पहिल्यांदा गावात सांगितलं तेव्हा दोघातिघांनी गूगल करून बघितलं. पण त्याआधी त्यांनी मोठं काम केलं. हैदराबाद राज्य अखंड राहावं असं नेहरूंच्या मनात होतं. स्वामीजी मात्र भाषेप्रमाणे ते तोडा म्हणणाऱ्यांत होते. ज्या राज्यासाठी आयुष्य घातलं, तेच नकाशावरून पुसा म्हणायचं! १ नोव्हेंबर १९५६ ला ते पुसलं गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात.

पुढे ते निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. इंग्रजीत लढ्याच्या आठवणी लिहिल्या. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत गेले. समाधी तिथल्या बेगमपेठेत आहे. म्हणजे जन्म कर्नाटकात, समाधी तेलंगणात, आणि नावाचं विद्यापीठ आपल्या नांदेडला, १९९४ पासून. त्यांनीच मागितलेल्या फाळणीत ते स्वतः तीन तुकड्यांत विभागले गेलेत, असं मी गमतीने म्हणतो.

पुढच्या भागात करोडगिरीच्या नाक्यांबद्दल बोलू. तुमच्या घरी आजी-आजोबांकडे हाली सिक्का, जुनी पावती, काहीही असेल तर फोटो पाठवा. आणि त्यांना आठवत असेल तर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, मागून गाडीची शिट्टी आली तरी चालेल.