मुक्त प्रणालींचे बदलते अग्रक्रम आणि मराठीचा हिशेब

संगणक किंवा भ्रमणध्वनी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याच्या यंत्रभागावर आणि त्यातील इतर आज्ञावलींवर जी मूळ आज्ञावली नियंत्रण ठेवते, तिला कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. जिचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो, ती मुक्तस्रोत कार्यप्रणाली होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेला जीएनयू प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला लिनक्स हा गाभा, या दोहोंतून आजच्या बहुतेक मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांना एकच एक मालक नसल्यामुळे त्यांचे अग्रक्रम वरचेवर बदलत आले. या बदलांचा परिणाम मराठी आणि कोंकणीसारख्या भाषांवर काय झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

मेजावरील संगणकाचे पर्व

लिनक्सच्या गाभ्यावर सामान्य माणसाला वापरता येईल असा दर्शनी पडदा चढवण्याचे काम १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम या प्रकल्पांनी हाती घेतले. विंडोजची सवय असलेल्या माणसाला बिचकू न देता आपल्याकडे आणणे, हा त्या काळातला मुख्य अग्रक्रम होता. २००४ साली आलेल्या उबुंटूने तो सर्वाधिक यशस्वी रीतीने पुढे नेला.

२००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, आणि मेजावरचा संगणक आता मागे पडणार असा समज सर्वत्र पसरला. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. त्याच महिन्यात उबुंटूने आपला युनिटी हा नवा पडदा सर्वांपुढे ठेवला. मोठी चित्रे, कमी यादी आणि स्पर्शाला सोयीची मांडणी हे दोहोंचे वैशिष्ट्य होते. माऊस आणि कळफलकावर काम करणारे जुने वापरकर्ते त्यामुळे दुखावले. त्या नाराजीतून ग्नोमची दुसरी आवृत्ती जिवंत ठेवणारा माते आणि लिनक्स मिंटचा सिनामन हे स्वतंत्र पडदे जन्माला आले.

उबुंटूमागील कॅनॉनिकल कंपनीने पुढचे पाऊल टाकले. २०१३ मध्ये तिने फोनसाठीची प्रणाली जाहीर केली आणि 'उबुंटू एज' या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर उभारण्याचे आवाहन केले. निम्मी रक्कमही जमली नाही. अखेर ५ एप्रिल २०१७ रोजी संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी फोन आणि युनिटी या दोन्ही प्रकल्पांना विराम दिल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या १७.१० या आवृत्तीत उबुंटू पुन्हा ग्नोमकडे परतले. फोनची प्रणाली यूबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या समूहाने पुढे चालू ठेवली.

हातातील फोनचे पर्व

भ्रमणध्वनीच्या क्षेत्रात मुक्तस्रोताने बाजार जिंकला, पण त्या विजयाला मर्यादा होत्या. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे आणि त्याचा पायाभूत सोर्स कोड खुला आहे. मात्र नकाशे, ॲपचे दुकान, सूचना यांसारख्या सेवा गुगलच्या बंद आज्ञावलींकडे क्रमाक्रमाने सरकत गेल्या. २०२५ पासून तर अँड्रॉइडची सारी घडण गुगलच्या अंतर्गत दालनात होते आणि तयार झालेला कोड मागाहून प्रसिद्ध केला जातो. परवाना मुक्तच राहिला, घडणीतला सहभाग मात्र आटला.

मोझिलाने याला पर्याय म्हणून फायरफॉक्स ओएस ही पूर्णपणे वेबवर आधारलेली प्रणाली काढली. ऑगस्ट २०१४ मध्ये तिचा इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन भारतात दोन हजार रुपयांच्या आत विक्रीस आला. परंतु डिसेंबर २०१५ मध्येच मोझिलाने फोनसाठीचे काम थांबवत असल्याचे घोषित केले. कोड खुला असल्यामुळे त्याच्यातून कायओएस ही प्रणाली निघाली आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनवर ती कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली. त्या फोनसाठी १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत होती आणि त्यात २२ भारतीय भाषांची सोय असल्याचे कंपनीने सांगितले होते.

या घडामोडीचा अर्थ सुरतेच्या दक्षिण भागातील पांडेसरा, उधना आणि बमरोली या औद्योगिक पट्ट्यात नीट उलगडतो. यंत्रमाग आणि कापडप्रक्रियेच्या या परिसरात, सुरत-भुसावळ लोहमार्गाने जोडलेल्या खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे वसली आहेत. घरात अहिराणी किंवा मराठी, बाजारात गुजराती आणि मागावर हिंदी असा त्यांचा भाषाव्यवहार. भोवतालचे फलक गुजराती लिपीत असताना मराठी वाचण्या-लिहिण्याचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे खिशातला फोन. त्या फोनच्या प्रणालीत मराठी किती नीट बसली आहे, याचा निर्णय बमरोलीत होत नाही आणि मुंबई-पणजीतही होत नाही. म्हणूनच अग्रक्रमांचा हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही.

मराठीच्या वाट्याला काय आले

मुक्त प्रणालींत भारतीय भाषा आणण्याचे काम या शतकाच्या आरंभी इंडलिनक्स प्रकल्पाने सुरू केले. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने लोहित हा फॉन्टसंच मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. तो मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला होता. मराठी छपाईच्या व्यवसायात घरोघरी पोहोचलेली श्री-लिपी हीही त्याच कंपनीची. जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारित बॉस ही भारतीय प्रणाली प्रसृत केली. पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांच्या पुढाकारातून २००८ साली फ्युएल हा उपक्रम निघाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांना प्रत्येक भाषेत एकच सर्वमान्य प्रतिशब्द असावा, हा त्याचा हेतू होता.

यांपैकी काय टिकले आणि काय वाहून गेले, हे पाहिले की एक नियम हाती लागतो. पडद्यावरील यादी, बटणे आणि संदेश यांचे भाषांतर सर्वांत लवकर शिळे होते. ग्नोम प्रकल्प किमान ८० टक्के संदेश भाषांतरित असतील तरच त्या भाषेला समर्थित मानतो, आणि दर सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीत नवे संदेश भरतच असतात. स्वयंसेवक थांबले की टक्केवारी घसरू लागते. पडदाच मोडीत निघाला, तर केवळ त्याच्यासाठी लिहिलेले भाषांतर त्याच्यासोबत जाते. युनिटी आणि फायरफॉक्स ओएस यांच्यासाठी ज्या ज्या भाषांत श्रम झाले, त्यांचा मोठा भाग असाच निकामी ठरला.

याउलट तळाशी केलेले काम दीर्घकाळ फळ देते. 'वाऱ्यावर' किंवा 'दऱ्याखोऱ्यांत' या शब्दांतील अर्धा र हिंदीला लागत नाही. मराठी आणि कोंकणीला मात्र तो अनिवार्य आहे. मराठी वळणाचे ल आणि श हेही हिंदीहून निराळे. पूर्वी ग्नोम, केडीई आणि इतर आज्ञावली अक्षरजुळणीसाठी वेगवेगळी यंत्रणा वापरत. त्यामुळे एकीकडे नीट दिसणारे जोडाक्षर दुसरीकडे फुटत असे. हार्फबझ ही समाईक मुक्त यंत्रणा विकसित झाल्यावर ग्नोम, फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड या सर्वांनी तीच स्वीकारली. आता तेथे झालेली एक दुरुस्ती मेजावरच्या संगणकापासून खिशातल्या फोनपर्यंत सर्वत्र पोहोचते. लोहितही २०११ मध्ये अधिक सैल अशा खुल्या फॉन्ट परवान्याखाली आला. पडदे बदलले, तरी तो टिकून राहिला.

पुढील वाट

सध्या मुक्त प्रणालींचे लक्ष सुरक्षितता, वेलँड ही नवी चित्रयंत्रणा आणि संगणकीय खेळ यांकडे आहे. भाषा या यादीत अग्रस्थानी नाही. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक शाळांत, पंचायतींत, लहान कारखान्यांच्या हिशेबाच्या टेबलांवर आहेत. त्यांना लिनक्स पुन्हा आयुष्य देऊ शकते; मात्र तेथे मराठी आणि कोंकणी विनासायास लिहिता-वाचता आली, तरच हा पर्याय लोकांच्या गळी उतरेल.

लहान राज्याने किंवा लहान भाषासमूहाने स्वतःची संपूर्ण कार्यप्रणाली घडवण्याचा घाट घालणे परवडणारे नाही. कंपन्यांनाही जिथे पडदे गुंडाळावे लागले, तिथे सरकारी निविदा किती काळ तग धरणार? आपला तुटपुंजा पैसा आणि श्रम फॉन्ट, कळफलक, शब्दतपासणीचे कोश आणि प्रमाणित परिभाषा यांत गुंतवावेत, आणि ते काम मुक्त परवान्याने मूळ प्रकल्पांत जमा करावे. अग्रक्रम ठरवणारी माणसे दूर असली, तरी ज्या पायावर ती बांधकाम करतात त्यात आपली वीट बसवण्याची मुभा मुक्तस्रोताने सर्वांना दिली आहे. ती वीट एकदा बसली, की पणजीतल्या विद्यार्थ्याला आणि बमरोलीतल्या कामगाराला आपली भाषा सारखीच शुद्ध दिसेल.