तळटीप १४ : ‘छ ९ रमजान, सन सलास सितैन मया व अलफ’

१४. मार्च १७६३. साल सुहूर सनाचे, ११६३वे. अरबी अंकशब्द एककापासून वाचावेत : सलास ३, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. हा सन १३४४मध्ये हिजरी ७४५चाच आकडा धरून सुरू झाला, पण सौर मानाने चालला. सूर्य मृगात आला की वर्ष पालटे, म्हणून पेरणी आणि सारा यांच्या हिशोबाला तो सोयीचा पडला. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. इथे रमजान मार्चात आल्याने ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्याची तारीख. साल सौर आणि महिना चांद्र, इथेच अभ्यासक चुकतात. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी तोकडे, त्यामुळे याच साली जिल्कादचे मधले दहाएक दिवस दोनदा आले, एकदा जून १७६२मध्ये आणि पुन्हा मे-जून १७६३मध्ये. तशा कागदावर मजकुराचा संदर्भ पाहिल्याशिवाय इसवी तारीख घालू नये.