एक्सोसोम म्हणजे काय? उपचार घेण्यापूर्वी हे वाचा

“डॉक्टर, केसांसाठी एक्सोसोमचे इंजेक्शन घेऊ का?” हा प्रश्न आता कोल्हापुरातल्या ओपीडीतही ऐकू येतो. जाहिरात मोबाईलवर पाहिलेली असते आणि खर्चाचा आकडाही मोठा असतो. निर्णय घेण्यापूर्वी एक्सोसोम शरीरात कसे तयार होतात, हे समजून घेतले तर बराच गोंधळ दूर होतो.

पेशी आपल्या प्रथिनांची वर्गवारी कशी करते?

प्रत्येक पेशीच्या आवरणात अनेक प्रथिने बसवलेली असतात. त्यांतली काही बाहेरचे संदेश घेतात, तर काही लोहासारखे पदार्थ आत आणतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. काम झाले की आवरणाचा तो भाग आत ओढला जातो आणि रिसेप्टर एंडोसोम नावाच्या कप्प्यात पोहोचतात.

एंडोसोम म्हणजे पेशीचे एसटी स्टँड समजा. आलेली गाडी चांगली असेल तर पुन्हा मार्गावर जाते आणि निकामी असेल तर भंगारात. निकामी प्रथिनाला पेशी युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लावते. ही खूण ‘एस्कॉर्ट’ नावाचा प्रथिनांचा गट ओळखतो. तो खूण असलेले रिसेप्टर एकत्र करतो, एंडोसोमचे आवरण आतल्या बाजूला दुमडतो आणि त्याची सूक्ष्म पिशवी तोडून एंडोसोमच्या आत सोडतो. पुढे एंडोसोम लायसोसोमला मिळतो आणि तिथली पाचक द्रव्ये या पिशव्या विरघळवून टाकतात.

आत पिशवी करण्याची गरज काय?

रिसेप्टरचे एक टोक पेशीच्या आतल्या बाजूला असते. एंडोसोममध्ये आल्यावरही ते टोक ‘वाढा, वाढा’ असा संदेश देत राहू शकते. पिशवीत बंद झाल्यावरच तो संदेश थांबतो. ही व्यवस्था बिघडली की आजार होऊ शकतो. वाढीचा संदेश देणारा ईजीएफआर हा रिसेप्टर वेळेवर नष्ट झाला नाही, तर कॅन्सरच्या वाढीला मदत होते. एस्कॉर्टमधल्या एका प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे डेन्मार्कमधल्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार दिसला. हे 2005 मध्ये स्पष्ट झाले.

मग एक्सोसोम कुठून आले?

कधी कधी पिशव्यांनी भरलेला एंडोसोम लायसोसोमकडे न जाता पेशीच्या बाहेरच्या आवरणाला मिळतो. मग आतल्या पिशव्या बाहेर पडतात. तेच एक्सोसोम. त्यांचा आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजारावा भाग.

1983 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना हे कोवळ्या तांबड्या पेशींमध्ये दिसले. हिमोग्लोबिन बनवताना या पेशींना लोह लागते. पेशी परिपक्व झाली की लोह आत आणणारे रिसेप्टर ती अशा पिशव्यांत भरून बाहेर टाकते. या पिशव्यांतून प्रथिने व आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे जातात, हे नंतर कळले. कॅन्सरच्या पेशीही हा मार्ग वापरतात. म्हणजेच एक्सोसोम हे मुळातच ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ नसतात. ते कोणत्या पेशीतून आले आणि त्यांत काय आहे, यावर सगळे ठरते.

उपचार म्हणून ते सिद्ध झाले आहेत का?

संशोधन जोरात सुरू आहे, पण केस, त्वचा किंवा गुडघेदुखीसाठी खात्रीचा उपचार म्हणून ते अजून सिद्ध झालेले नाहीत. नेब्रास्का राज्यात मान्यता नसलेली अशी उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर, डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता. जंतुसंसर्ग आणि ॲलर्जी हे यातले मुख्य धोके आहेत.

क्लिनिकमध्ये हे प्रश्न विचारा

- हे एक्सोसोम कोणत्या पेशींपासून बनवले आहेत? उत्पादक कोण आहे?
- या वापरासाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी आहे का? कागद दाखवाल का?
- हा प्रयोग असेल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियामधला नोंदणी क्रमांक काय?
- बाटलीवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असे लिहिले आहे का? तसे असेल तर ते टोचून घेऊ नका.

उत्तर टाळले गेले तर पैसे भरू नका. गर्भवती स्त्रिया, कॅन्सर असलेले किंवा पूर्वी झालेले रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी असे इंजेक्शन घेऊ नये. घेतल्यानंतर ताप, वाढती सूज, पू किंवा धाप लागणे असे काही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आधी काय करावे?

केस गळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातही ही सोय आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉईडची तपासणी गरजेप्रमाणे करून घ्या. अनेक स्त्रियांमध्ये कारण लोहाची कमतरता हेच निघते आणि त्यावरचा उपचार स्वस्त आहे. आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिलसारखी तपासून सिद्ध झालेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात.