आपलं आपल्याला करता येतं का?

भंडाऱ्याच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा तयार होतो. त्याआधीच्या पिढ्यांच्या हातात बिडी होती. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत तेंदूपत्त्याचं जंगल आणि बिडीचे कारखाने एकाच जिल्ह्यात नांदत होते. इथला माणूस तोंडाच्या कॅन्सरची शंका घेऊन दवाखान्यात गेला की डॉक्टर आधी तंबाखूबद्दल विचारतात. महाराष्ट्रात हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला जाऊ लागला त्याला सत्तर वर्षं झाली. ‘आपलं आपल्याला करता येतं का?’ हा प्रश्न मोजमापाच्या शिस्तीत मराठीत यायला मात्र आणखी अर्धं शतक लागलं.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या रुग्णांच्या सवयींची पद्धतशीर विचारपूस करून संघवी, राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध छापला. बिडी ओढणं आणि तंबाखू चघळणं यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध त्यात आकड्यांनिशी मांडला होता. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यात घरोघर फिरले. १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून त्यांनी सवयी लिहून घेतल्या. तो अहवाल १९७२ सालचा. हे सारं काम मोलाचं होतं, पण त्याचा रोख रोगाच्या कारणावर होता. रोग झाल्यावर माणूस घरी कसा जगतो, हे त्या कागदांत येणार नव्हतं.

तो विषय अमेरिकेत वेगळ्याच वाटेने पुढे आला. युद्धातल्या विषारी वायूच्या संशोधनातून नायट्रोजन मस्टर्ड हे औषध निघालं आणि डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की ते कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहत होते. औषधाने गाठ लहान होते, पण रुग्ण उठून बसतो का? हे नोंदवायला त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस शंभर ते शून्य अशी गुणांची पट्टी आखली. सत्तर गुण म्हणजे स्वतःचं सगळं करता येतं, पण कामधंदा जमत नाही. साठ म्हणजे अधूनमधून मदत लागते. पन्नास म्हणजे बरीच मदत आणि वारंवार औषधोपचार.

ही पट्टी आजही वापरात आहे. भंडाऱ्यातल्या धानाच्या रोवण्याला जाणाऱ्या बाईला ती लावून पाहिली तर तिची ताकद कळते आणि मर्यादाही. ऐंशी गुणांना माणूस कष्टाने का होईना, नेहमीची कामं करतो. सत्तरला ती थांबतात. पट्टीवर हे अंतर एका पायरीचं आहे, पण त्या बाईच्या घरात ते आषाढातल्या सगळ्या मजुरीइतकं आहे. शिवाय हे गुण डॉक्टर बघून देतो. तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारायला पट्टीत जागा नाही.

१९६३ मध्ये सिडनी कॅट्झ यांनी म्हाताऱ्या रुग्णांसाठी सहा गोष्टी नेमक्या केल्या: आंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. खरा बदल केला तो परिचारिकांनी. डोरोथिया ओरेम यांनी १९७१च्या पुस्तकात मांडलं, की स्वतःची काळजी घेणं ही शिकलेली, हेतुपूर्वक केलेली कृती आहे. ही कृती कुठे कमी पडते ते ओळखून भरून काढणं हे परिचारिकेचं काम. मग स्वतःची काळजी घेण्याची क्षमता मोजायला प्रश्नावल्या आल्या. १९७९ सालच्या एका प्रश्नावलीत ४३ विधानं होती. १९८२ मध्ये मेरिलिन डॉड यांनी केमोथेरपी घेणाऱ्यांकडून त्रास आणि त्यावर केलेले उपाय नोंदवून घेतले. त्रास कसा हाताळायचा हे ज्यांना आधी समजावलं होतं, ते स्वतःसाठी जास्त काही करताना दिसले. १९९०च्या दशकात एलिस लेव्ह यांच्या प्रश्नावलीने रुग्णाचा स्वतःवरचा भरवसा मोजायला घेतला.

क्षमता, प्रत्यक्ष कृती आणि भरवसा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. खर्ऱ्याने आधीच आखडलेला जबडा शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर आणखी आखडतो. तो उघडण्याचा व्यायाम लाकडी पट्ट्या एकावर एक दातांत धरून करतात. नाकातून घातलेल्या नळीने पातळ अन्न द्यायचं, नंतर नळीत पाणी सोडून ती साफ करायची, मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या. हे करता येणं, रोज करणं आणि आपल्याला जमेल असं वाटणं यांपैकी एकच विचारून बाकीची दोन गृहीत धरली, तर रुग्ण कुठे अडला ते सापडत नाही.

युरोपातल्या संशोधकांनी १९९३ साली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. जेवण, कपडे, अंग धुणं, संडास यांत मदत लागते का, हा त्यातला एक प्रश्न. उत्तरं चार पायऱ्यांची: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठी पस्तीस प्रश्नांची पुरवणीही झाली. त्यात तोंड उघडण्याचा त्रास आहे आणि घरच्यांसमोर जेवताना होणारी अडचणही आहे. भाषांतराची त्यांची रीत कडक आहे: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, उलट भाषांतर करून ताडायचं, मग थोड्या रुग्णांवर पडताळायचं. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी मराठीतही आणलेली ही प्रश्नावली भारतीय रुग्णांवर पारखून २००५ साली निष्कर्ष छापले.

इतकं करूनही प्रश्नाच्या पोटात परका संसार उरतो. त्या तीस प्रश्नांतला पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्यासारख्या कष्टाच्या कामांचा आहे. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून उभं राहणं आणि चुलीपुढे उकिडवं बसणं त्यात कुठे येतं? आणि कागद वाचता येत नसेल तर प्रश्न दुसरं कुणी वाचतं, मुलगा किंवा नवरा शेजारी उभा असतो, आणि बाई ‘बरं आहे’ म्हणून मोकळी होते. अशा वेळी तिला एकटीला गाठून विचारणं, हा मोजणीचाच भाग मानायला हवा.

आता एक प्रश्नपत्रक भंडाऱ्याच्या गावागावांत आशा कार्यकर्तीच्या, म्हणजे आशाताईच्या, पिशवीत असतं. सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातलं हे पत्रक तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी भरायचं असतं. तंबाखू खाता का, तोंडातली जखम भरत नाही का, तोंड उघडायला त्रास होतो का, हे त्यात आहे. जेवण, कपडे, आंघोळ, चालणं, संडास यांत दुसऱ्याची मदत लागते का, हेही त्यात आहे. पण तो भाग फक्त साठीपुढच्यांसाठी. नागपूरला ऑपरेशन करून, नाकात नळी घेऊन घरी परतलेला माणूस चाळिशीचा असेल तर त्याच्यापुढे तो प्रश्न येतच नाही. आशाताई त्याच्या दारावरून जातेच. तिच्या पत्रकात त्याच्यासाठी चार ओळी वाढवायला हव्यात: नळी कोण साफ करतं, चुळा किती वेळा भरल्या, पट्ट्यांचा व्यायाम केला का, आणि आज तोंडात किती बोटं मावतात.