स्ट्रॉबेरीचा मर रोग आणि निरोगी रोपाचा ऑस्ट्रेलियातील शोध

क्वीन्सलँडमधील कृषी संशोधनाच्या नियतकालिकात 1965 साली बी. एल. विंक्स आणि वाय. एन. विल्यम्स यांनी स्ट्रॉबेरीवरील एका मर रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचा तोवर अज्ञात असलेला एक प्रकार त्याला कारणीभूत असल्याचे दाखवून दिले. ही बुरशी जगाला नवीन नव्हती; केळीवरील ज्या रोगाला पुढे पनामा रोग हे नाव मिळाले, त्याची पहिली नोंदही जोसेफ बँक्रॉफ्ट यांनी 1876 साली ब्रिस्बेन परिसरातच केली होती, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हरभऱ्यावरील जी मर परिचित आहे तीही याच बुरशीच्या दुसऱ्या प्रकाराने होते. यातील प्रत्येक प्रकार साधारणपणे आपापल्या ठरावीक पिकावरच रोग आणतो. म्हणून केळीला मारणारा प्रकार स्ट्रॉबेरीला मारत नाही आणि स्ट्रॉबेरीचा प्रकार हरभऱ्यावर मर आणत नाही.

या रोगात बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढते व त्या तुंबवते, त्यामुळे माती ओली असूनही आधी जुनी पाने व नंतर संपूर्ण झाड कोमेजते. क्राउन, म्हणजे मुळे आणि पाने यांना जोडणारे आखूड खोड, उभे चिरल्यास आतील भाग तपकिरी झालेला दिसतो. झाड मेले तरी बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की स्ट्रॉबेरीची लागवड रनरपासून, म्हणजे मातृरोपाच्या धावत्या फांदीवर तयार झालेल्या रोपापासून होते, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या अशा रोपातूनही रोग एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात पोहोचतो.

ऑस्ट्रेलियाच्या भूगोलामुळे ही जोखीम अधिकच वाढली, कारण क्वीन्सलँडच्या उष्ण किनाऱ्यावर हिवाळ्यात पिकणाऱ्या फळासाठी लागणारी रोपे स्टॅनथॉर्पसारख्या थंड पठारावर किंवा दूर दक्षिणेला व्हिक्टोरियातील टूलांगी येथे तयार होत आली आहेत. एका रोपवाटिकेतील दोष शेकडो शेतांत पसरू शकतो हे ओळखून टूलांगीत प्रमाणित रनरची पद्धत रुजली. तीत तपासलेल्या मातृरोपांपासून पिढीदरपिढी रोपे वाढवली जात आणि लागवडीपूर्वी जमिनीचे धुरीकरण, म्हणजे विषारी वायूने निर्जंतुकीकरण, केले जात असे.

या धुरीकरणाचा मुख्य आधार असलेला मिथिल ब्रोमाइड हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्याने मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत 2005 पासून त्याचा सर्वसाधारण वापर थांबला. टूलांगीच्या रोपवाटिकांना मात्र त्यानंतरही अनेक वर्षे अपवादात्मक सवलत मिळत राहिली. फळबागांतून हा वायू गेल्यानंतर मॅक्रोफोमिना फेझिओलिना या बुरशीमुळे होणारी, उष्णता व पाण्याचा ताण यांत बळावणारी कोळशी कूज डोके वर काढू लागली, आणि 2007 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातून मुळे व क्राउन कुजवणाऱ्या या रोगाची नोंद प्रसिद्ध झाली.

मातीच टाळावी हा विचार अशा परिस्थितीत बळावणे साहजिक होते, परंतु कुंडीचा इतिहास वेगळाच धडा देतो. कॅलिफोर्नियातील वनस्पतिरोगतज्ज्ञ केनेथ बेकर यांनी 1957 साली संपादित केलेल्या आणि ऑस्ट्रेलियातील रोपवाटिकांतही मानल्या गेलेल्या पुस्तिकेने स्वच्छ माध्यम, स्वच्छ रोप आणि स्वच्छ कामकाज या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या पाहिजेत हे ठामपणे मांडले. बेकर यांच्या पुढील कामातून असेही दिसले की हवामिश्रित वाफेने माध्यम सुमारे 60 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवल्यास बहुतेक रोगकारक मरतात, पण उपयुक्त जिवाणूंपैकी बरेचसे वाचतात. पूर्ण निर्जंतुक केलेल्या माध्यमात मात्र नंतर शिरलेला रोग बिनविरोध पसरतो. म्हणूनच नारळाच्या काथ्याच्या भुश्शाने भरलेल्या उंच पन्हाळींत किंवा घरच्या कुंडीत लावलेली स्ट्रॉबेरी आपोआप सुरक्षित होत नाही. जुने माध्यम पुन्हा वापरले, तर मागील रोपाचा रोग नव्या रोपाला लागतो. निचरा अडला, तर फायटॉप्थोरासारखे पाण्यात पसरणारे बुरशीसदृश जीव मुळे कुजवतात. क्राउन मातीत गाडला गेला, तर तो सडतो. आणि ऑस्ट्रेलियाच्या उन्हात लहान कुंडीतील मुळे जमिनीतील मुळांपेक्षा कितीतरी लवकर तापतात व सुकतात.

या सर्व घडामोडींतून निघणारा निष्कर्ष महाबळेश्वर व वाई परिसरातील उत्पादकांनाही तितकाच लागू पडतो, कारण तेथील पीकही बाहेरून आणलेल्या मातृरोपांवर उभे आहे. कोमेजलेल्या रोपाला आणखी पाणी घालण्याआधी त्याचा क्राउन चिरून पाहणे, ते कोणत्या रोपवाटिकेतून आले आणि त्याच्या माध्यमात पूर्वी काय वाढले हे तपासणे आवश्यक आहे. आणि मर रोगाने गेलेले रोप व त्याचे माध्यम दुसऱ्या कुंडीत न वापरता नष्ट करणे ही शेजारच्या प्रत्येक बागेप्रती असलेली जबाबदारी आहे.