दिनविशेष, १ जुलै : झोपले धुळ्यात, उठले नंदुरबारात
१९९८ : धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके तिकडे गेले. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा हे चार इकडे उरले.

‘धुळ्याचे दोन तुकडे’ असा मथळा चहाच्या टपरीवर कुणी मोठ्याने वाचला असेल, तर अर्धवट ऐकणाऱ्याने आधी आग्रा रोडला तडा गेला का ते पाहिले असेल. शिरपूरहून शहाद्याला दिलेली लेक अंथरुणातून न उठता परजिल्ह्यातली सून झाली. ‘जि. धुळे’ छापलेली बिलबुके आणि रबरी शिक्के संपेपर्यंत नवा जिल्हा शहाद्याच्या दुकानांत पोहोचला नसेल.

जळगावकरांना यात नवल नसावे. खानदेशची पूर्व-पश्चिम वाटणी १९०६ मध्येच झाली होती. पूर्वेचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे. ‘हाई काय नवं शे, भाऊ?’ एवढेच ते म्हणाले असतील.

१९९८च्या वाटणीत दोंडाईचा धुळ्याकडे राहिले, नंदुरबार वेगळे झाले. मिरचीचा बाजार दोन्हीकडे. ठसका तेवढा समसमान वाटला गेला.