उशिरा बोलणारं लेकरू आणि आपली अंगणवाडी

लेकरू दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. घरातलं कोणी म्हणतं, “बोलेल की, बापही उशिराच बोलला होता.” आपण सगळ्याच असं थांबतो आणि शिकण्याची कोवळी वर्षं निघून जातात.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, आधी देशात ३३ ठिकाणी. आहार, वजन, लस गावात आली; पण उशिरा चालणाऱ्या-बोलणाऱ्या मुलाकडे कोण बघणार?

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायची, त्यात वाढीतला उशीरही बघायचा, असं ठरलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला, पण सहा ते अठरा वयाला. त्याआधीच्या वयाचं काय? २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धती जाहीर केली: लवकर ओळखा, सोबत शिकवा, गरज पडल्यास पुढे पाठवा.

म्हणून पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी लपवू नका. सेविकाताईंना तारीख विचारा. आपण विचारलं, तरच कागदावरचं अंगणात उतरतं.